काकूंना सांगा

पद्मजा दातारचा अबोला तीन वर्षांचा झाला होता. ॲन आर्बरच्या मराठी मंडळात याआधीही पुष्कळांनी अबोले धरले, पण ते दिवाळीपर्यंत टिकायचे. चकलीचा सोऱ्या मागायची वेळ आली की सुटायचे. हा सुटला नाही. घर एक, फ्रीज एक, जेवायचं टेबल एक, आणि नवरा-बायको एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. पाहुणे आले की मात्र दोघंही त्यांच्याशी इतकं भरभरून बोलत की कुणाला संशय यायचा नाही.

कशावरून झालं ते सांगायला हवं, कारण बाळ दातारला ते आजही क्षुल्लक वाटतं. (बाळ हेच त्याचं नाव. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही.) त्याच्या पंच्याहत्तरीला मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून पद्मजानं डॉलरच्या दुकानातून बॅटरीचे पंच्याहत्तर दिवे आणले, एकेकाचं बटण दाबून तबकांत मांडले आणि नव्वद माणसांसमोर नवऱ्याला ओवाळलं. तबकं जड होती, तिचे हात भरून आले. मग बाळ भाषणाला उभा राहिला. चौतीस वर्षं तो मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. त्या ब्रेकांची कहाणी त्यानं चाळीस मिनिटं सांगितली. शेवटी त्याला बायकोची आठवण झाली. "आमच्या पद्मजाचं बरं होतं," तो म्हणाला. "आयुष्यभर एकच काम, काचेतून बघायचं. बघायला काय लागतं?"

नव्वद माणसं हसली. काही जणांनी टाळ्याही दिल्या.

पद्मजा एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासत होती. दिवसाला ऐंशी काचा. हजारो धडधाकट पेशींत एखादी बिघडलेली असेल तर ती हुडकायची आणि तिच्या शेजारी पेनानं ठिपका द्यायचा. ठिपका राहिला तर कुठल्यातरी बाईचा कॅन्सर राहिला. तिथली शिस्त कडक. दिसेल तेच लिहायचं. आणि चुकीचा रिपोर्ट गेलाच, तर दुरुस्त रिपोर्ट त्याच दिवशी, स्वतःच्या सहीनं पाठवायचा. एकतीस वर्षांत ती वेळ तिच्यावर दोनदा आली. दोन्ही तारखा तिला अजून पाठ होत्या. आणि हा म्हणतो, बघायला काय लागतं!

तिला पायावर लोटांगण नको होतं. एक वाक्य हवं होतं. नव्वद माणसांसमोरही नको, स्वयंपाकघरात चहा गाळताना म्हणाला असता तरी चाललं असतं. ते तीन वर्षांत आलं नाही. तेव्हा तिनं ठरवलं. मुलगी अनया सिॲटलजवळ बॉथेलला बायोटेक कंपनीत होती. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. दोन ऑक्टोबरचं डेट्रॉइट ते सिॲटल विमानाचं तिकीट पद्मजानं काढलं, फक्त जाण्याचं. ते छापून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात फ्रीजवर कागद लागला. जाड काळ्या मार्करनं, वीतभर उंचीच्या अक्षरांत: "प्रेअरी. ६ ते १४ सप्टेंबर. गाडीनं." प्रेअरी म्हणजे तिकडे पश्चिमेला, साउथ डकोटातला गवताळ माळ.

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वर्षी त्याच्या चिठ्ठ्या अशाच यायला लागल्या होत्या. "दूध" हा एक शब्द अख्ख्या पानावर. तोंडानं ओरडता येत नाही म्हणून हा आता कागदावर ओरडतो, असा तिनं त्याचा अर्थ लावला होता. येतेस का, जमेल का, हे विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच. तरी ती निघाली. मनाशी म्हणाली, नऊ दिवस देते. नऊ दिवसांत याच्या तोंडून ते वाक्य निघालं तर निघालं. नाही तर दोन तारखेला विमानात बसेन आणि मागे वळून बघणार नाही.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मॉसमध्ये चहा, आणि दोघांच्या मधे गिळून ठेवलेलं सगळं, एवढं घेऊन गाडी निघाली. पहिल्याच दिवशी एक अडचण लक्षात आली. घरात भिंतीला उद्देशून बोलता येतं, भांडी आपटता येतात. गाडीत भिंतही नाही आणि भांडंही नाही. ती अडचण काकूंनी सोडवली. काकू म्हणजे फोनमधली रस्ता सांगणारी बाई. इंडियाना संपायच्या आत बाळ म्हणाला, "काकू, कुणाला बाथरूमला जायचं असेल तर पुढच्या एक्झिटला थांबतोय."

पद्मजा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काकू, ज्यांना विचारायचं असेल त्यांनी तोंडावर विचारावं."

"इन टू माइल्स, कीप लेफ्ट," काकू म्हणाल्या.

सत्तरी उलटलेली दोन माणसं एका यंत्राला काकू म्हणत होती आणि दोघांपैकी कुणालाही हसू येत नव्हतं.

बाळची एक जुनी खोड होती. गाडी चालवताना दिसेल तो बोर्ड मोठ्यानं वाचायचा. वकिलांच्या जाहिराती, चर्चचे इशारे, फटाक्यांची दुकानं, काहीही. चाळीस वर्षं पद्मजानं ते ऐकून घेतलं होतं. अबोल्यातही ते चालूच होतं, कारण बोर्ड वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे. या वेळी मात्र आयोवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संपलं आणि एक बोर्ड वाचला गेला नाही. एकदाच तो म्हणाला, "काकू, हल्ली बोर्डांवर फार बारीक लिहितात."

"काकू, वाचायचा कंटाळा आला की लोक अक्षरांना नावं ठेवतात."

आपण जिंकलो असं वाटून पद्मजानं चहा ओतून घेतला. त्याला दिला नाही.

साउथ डकोटात शिरल्यावर गाडी घरघरायला लागली. डुलकी लागलेल्या ड्रायव्हरला जागं करायला रस्त्याच्या कडेनं डांबरात खाचा पाडलेल्या असतात. चाक त्यांच्यावर गेलं की बसलेल्याचे दात वाजतात. दर पाच-दहा मिनिटांनी गाडी त्या खाचांवर जायची आणि परत आत यायची. "काकू, त्यांना सांगा, रस्ता मधे आहे." "काकू, सांगा, चालवणाऱ्याला माहीत आहे." एखादा ट्रक पुढे आला की बाळ त्याच्या मागे मैलोन्मैल चिकटून राहायचा. आयुष्यात ज्यानं कुणाला पुढे राहू दिलं नाही, तो आता मक्याच्या ट्रकाची शेपटी सोडत नव्हता. तिनं मधल्या खणावर टिश्यू पसरून दशमी आणि चटणी ठेवली, तर यानं हात थेट चटणीत घातला. मुद्दाम, तिला वाटलं. माझ्या हातचं दिसतही नाही असं दाखवायचंय.

मिचेल गावात मक्याच्या कणसांनी मढवलेली एक मोठी इमारत आहे. लोक रस्त्यापलीकडे उभे राहून तिचे फोटो काढतात. बाळ थेट भिंतीपाशी गेला आणि खालच्या ओळीतल्या कणसांवरून हात फिरवत उभा राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं. आता कुणीतरी येऊन हाकलेल म्हणून पद्मजा लांब जाऊन दुसऱ्याच कुटुंबाशेजारी उभी राहिली. पुढच्या दिवशी रस्त्याकडेला बारा फुटी सिमेंटचा प्रेअरी डॉग लागला. त्याच्या आजूबाजूच्या गवतात खरे प्रेअरी डॉग, खारीपेक्षा थोराड, बिळांच्या तोंडाशी दोन पायांवर उभे राहून किंचाळत होते. पन्नास तरी होते. बाळनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सिमेंटच्या पोटावर थापट्या मारत राहिला. हजार मैल आला आणि सिमेंट कुरवाळतोय! पद्मजानं पार्किंगमधून अनयाला फोन लावला.

"आई, हाऊ इज इट? आर यू टू इव्हन टॉकिंग?"

"काकूंमार्फत."

"हू इज काकू?"

"ते सोड. मी दोन तारखेला येतेय, नक्की."

"बाबांना सांगितलंस? यू हॅव टु टेल हिम, आई."

"काकूंना सांगेन. त्या सांगतील."

चौथ्या दिवशी सकाळी ते बॅडलँड्सच्या पार्कातल्या कच्च्या रस्त्याला लागले. डावीकडे झिजलेल्या मातीचे सुळके, उजवीकडे क्षितिजापर्यंत पिवळं पडत चाललेलं गवत, आणि दुसरी गाडी कुठे नाही. बाळ वीस मैलांच्या वेगानं जात होता. उजवीकडच्या खळग्यातून एक बायसन, म्हणजे इकडचा रानरेडा, वर आला, एकटाच नर, सावकाश चालत रस्त्याच्या मधोमध येऊन आडवा उभा राहिला. पद्मजाला तो शंभर फुटांवरूनच दिसला.

गाडीचा वेग कमी झाला नाही. अच्छा, तिच्या मनात आलं. हा डाव आहे तर. मला घाबरवून माझ्याकडून पहिला शब्द काढून घ्यायचाय. तिनं ओठ घट्ट मिटले. ऐंशी फूट. पर्स छातीशी धरली. तीन वर्षं रेटलेली गोष्ट ही अशी सोडणार नव्हती ती. चाळीस फूट. बाळ शांतपणे समोर बघत होता आणि त्याचा पाय होता तिथेच होता.

"अहो! रेडा! थांबा!"

ब्रेक उत्तम लागले. गाडी धुरळ्यात करकचून थांबली. बायसन हातभर अंतरावर होता. पुढची सगळी काच त्याच्या मानेवरच्या केसांनी आणि एका ओल्या डोळ्यानं भरून गेली होती. बाळनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं.

"कुठाय?" तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत त्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. मान तिरकी करून तो डोळ्याच्या कडेनं काचेतलं जनावर पकडायचा प्रयत्न करत होता. ती तिरकी मान ती सहा-आठ महिने बघत होती; मला बघून तोंड फिरवतो, असं समजत होती. वीतभर अक्षरं, न वाचलेले बोर्ड, चटणीतला हात, कणसं, सिमेंट, रस्त्याच्या खाचा! हजारांत एक पेशी हुडकणाऱ्या बाईनं स्वतःच्या जेवायच्या टेबलावरचा एवढा मोठा ठिपका सोडला होता. तिला आधी स्वतःचा राग आला, आणि तो सहन होईना म्हणून तिनं तो सगळाच्या सगळा त्याच्यावर काढला.

"कधीपासून?"

"जानेवारी. मधोमध डाग आहे. कडेकडेनं दिसतं अजून. डॉक्टर जुलैत म्हणाले, गाडी बंद करा."

"जुलैत! आणि हजार मैल मला शेजारी बसवून आणलंत? मी काय मक्याचं कणीस आहे?"

"हळूच चालवत होतो. खाचांवरून कडा कळते. पुढच्या वर्षी उरलेलंही जाईल म्हणतात. एकदा बघून घ्यायचं होतं."

"सांगायचं होतं!"

"कसं सांगणार? अबोला होता."

"अबोला माझा होता," पद्मजा म्हणाली. "तोंड तुमचं होतं."

बायसननं बॉनेटला नाक लावलं, फुत्कारला आणि आपल्या सवडीनं निघून गेला. तो पुरता लांब गेल्यावर ती म्हणाली, "उतरा." बाळ उतरला. बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. त्याला दाराची मूठ सापडेपर्यंत ती बघत राहिली आणि तिनं दार उघडून दिलं नाही.

मिशिगनच्या बर्फात एकतीस वर्षं तिनं हॉस्पिटलला गाडी नेली होती, पण सहलीला स्टिअरिंग बाळकडेच असायचं. आज ते हातात आलं आणि तिला आनंद झाला नाही. कणव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिला आठवलं ते तिकीट. आता जायचं कसं? आंधळ्या नवऱ्याला ऐन थंडीत टाकून गेली म्हणून तेच नव्वद लोक तिला नावं ठेवणार. आणि लोकांचं जाऊ दे, ती स्वतः तरी तिकडे सुखानं झोपणार होती का? डोळे याचे गेले आणि बेडी माझ्या पायात पडली, असं तिच्या मनात आलं. त्याबद्दल तिला लाजही वाटली नाही.

दोन मैलांवर रस्ता रुंद झाला होता. तिथे तिला थांबावंच लागलं, कारण उतारावरून अख्खा कळप येत होता. बाळ उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. त्याचं तोंड कळपाकडे नव्हतं, थोडं डावीकडे होतं. पद्मजा दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तिचे डोळे सवयीनं मोजायला लागले होते.

"पद्मजा," तो म्हणाला.

मधे काकू नव्हत्या. तीन वर्षांत त्यानं पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं.

"काय दिसतंय ते सांग. तुला बघता येतं. मला ते कधीच आलं नाही."

हेच ते वाक्य. तिनं तीन वर्षं चहा गाळताना, कपड्यांच्या घड्या घालताना, याची वाट पाहिली होती. आता आलं. गरज पडली तेव्हा आलं. डोळे शाबूत असते तर हा असं म्हणाला असता का? हे तिला या जन्मात कळायचं नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी ती थांबली होती, तीसुद्धा यानं नासवून हातात ठेवली होती. तिला रडू फुटेल असं वाटलं आणि रडायचं नव्हतं.

"गवत," ती म्हणाली. "नुसतं गवत आहे."

वारा कळपाकडूनच येत होता. घशातली घुरघुर, खुरांचा धपधपाट, गवत उपटल्याचा आवाज, आणि गोठ्याचा दाट वास. लहान पोरालाही कळलं असतं. बाळ मान तिरकी करून बराच वेळ उभा राहिला. मग "बरं" म्हणाला आणि चाचपडत गाडीत जाऊन बसला.

मोठा रस्ता आला. "टर्न राइट," काकू म्हणाल्या.

"काकू," बाळ म्हणाला, "पद्मजाला सांगा, दोन तारखेला विमानतळावर सोडायला मला येता यायचं नाही. टॅक्सी सांगावी लागेल."

गाडी किंचित डुलली आणि खाचांवर घरघरली.

"एक कागद प्रिंटरमध्येच राहिला होता," तो पुढे म्हणाला. "भिंगाखाली वाचायला मला पाऊण तास लागला. अनयाकडे तिला बरं वाटेल. इथलं मी बघेन म्हणावं."

इथलं मी बघेन! पद्मजानं फोन उचलला आणि काकूंचा आवाज बंद केला. आता गाडीत बोलायला तिसरं कुणी उरलं नव्हतं. पाच-सहा मैल गेले. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना गवत आणि गवतात रोवलेले मोठमोठे बोर्ड. एक गेला. दुसरा गेला.

"गरम डोनट," पद्मजा म्हणाली. भांडणात काढतात तोच आवाज होता. "पुढची एक्झिट."

बाळनं मान वळवली.

"डायनॉसोर बघा. मुलांना फुकट." तिनं गाडीचा वेग वाढवला. "येशू येत आहे. त्याखाली टायरचं दुकान." अक्षर न् अक्षर ती त्याच्या अंगावर फेकल्यासारखं वाचत होती. मग मधे एक मोकळा पट्टा आला, बोर्ड नव्हते, आणि ती समोरच बघत त्याच आवाजात म्हणाली, "दुरुस्त रिपोर्ट. मघाशी बायसन होते. एकशे सहा. त्यांत अकरा पिल्लं. एक म्हातारा सगळ्यांच्या मागे होता, लंगडत."

"कुठल्या पायानं?"

"मागच्या डाव्या," ती म्हणाली. "बघायला हे एवढं लागतं."

"हो," बाळ म्हणाला.

तिकिटाबद्दल ती काही बोलली नाही. दोन तारखेला अजून तीन आठवडे होते. पुढचा बोर्ड वकिलाचा होता. तो तिनं वाचला, फोन नंबरासकट.